रात्री बंद पडणारा गाडीतला फ्रिज : दोष बॅटरीत, वायरीत की निवडीत?

गाडीत ठेवलेला १२ व्होल्टचा फ्रिज दिवसभराच्या प्रवासात व्यवस्थित चालतो, मुक्कामी पोहोचून इंजिन बंद केल्यावरही काही तास चालतो, आणि मग मध्यरात्रीनंतर केव्हातरी, सगळे झोपलेले असताना, बंद पडतो. सकाळी पडद्यावर ‘ई १’ किंवा कमी व्होल्टेजची खूण दिसते आणि आतले तापमान १८-२० अंशांवर गेलेले असते. इंजिन सुरू केले की फ्रिज लगेच चालू होतो, त्यामुळे दोष नेमका कुठे होता हे कळायला काही मागच राहत नाही. गाडी घेऊन मुक्कामाला जाणाऱ्या अनेकांना ही अडचण पुन्हा पुन्हा येते आणि त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी मोठी बॅटरी. मीही तोच केला होता. त्यावर बरेच पैसे खर्च झाल्यावर दोष दुसरीकडेच निघाला, म्हणून तो कसा शोधावा हे येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्यांदा हे घडले ते मे महिन्यात, तारकर्लीजवळ देवबागला. ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज गाडीच्या डिकीत होता आणि डिकीतल्याच सॉकेटला जोडलेला होता. त्यात दूध, दही, मालवणहून घेतलेली सुरमई आणि आईच्या इन्सुलिनची दोन पेने होती. सकाळी साडेसहाला झाकण उघडले तेव्हा थंड हवेचा झोत आलाच नाही. बर्फाच्या पिशवीचे पाणी तळाशी साचले होते आणि सुरमईची पिशवी त्यात तरंगत होती. मासळी गेली याचे फारसे वाटले नाही, पण इन्सुलिन किती तास किती तापमानात राहिले हे सांगता येत नव्हते, म्हणून ती पेने बाजूला ठेवून मालवणहून नवीन आणावी लागली. गाडीची बॅटरी ६५ अँपिअर-तासांची (म्हणजे एक अँपिअर वीज ६५ तास पुरेल इतक्या साठ्याची) होती, ती पुरली नसावी असे मी गृहीत धरले आणि घरी परतल्यावर १०० अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी पुढच्या सीटमागे बसवून घेतली. इंजिन चालू असताना ती भरेल अशी रिलेची, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, सोयही केली. पुढच्या खेपेला फ्रिज पुन्हा बंद पडला, पहाटे चार वाजता.

या वेळी मात्र व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर सोबत होता. बॅटरीच्या टोकांवर सकाळी १२.५ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी निम्मीसुद्धा उतरलेली नव्हती, आणि तरीही फ्रिज कमी व्होल्टेजची तक्रार करत होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजले की निम्मे काम झाले.

फ्रिजला दिसणारे व्होल्टेज आणि बॅटरीचे व्होल्टेज

गाडीसाठीच्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये बॅटरी वाचवणारी एक यंत्रणा असते. फ्रिजपाशी येणारे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की ती कॉम्प्रेसर बंद करते, जेणेकरून सकाळी गाडी सुरू होण्याइतका जीव बॅटरीत उरावा. बहुतेक फ्रिजमध्ये ‘लो’, ‘मीडियम’ आणि ‘हाय’ अशा तीन पातळ्या असतात. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण साधारणपणे ‘लो’ १० व्होल्टच्या आसपास आणि ‘हाय’ ११ ते १२ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी असते. बंद झालेला फ्रिज पुन्हा सुरू व्हायला त्याहून एक ते दीड व्होल्ट जास्त लागतात. माझा फ्रिज ‘हाय’वर ११.१ व्होल्टला बंद होत होता आणि पुन्हा सुरू व्हायला त्याला १२.४ व्होल्ट हवे होते.

मुद्दा असा, की ही यंत्रणा बॅटरीचे व्होल्टेज मोजत नाही. ती स्वतःच्या दाराशी पोहोचलेले व्होल्टेज मोजते. मधल्या वायरीत, प्लगमध्ये आणि सॉकेटमध्ये जे हरवते त्याची तिला कल्पना नसते. रोहित्रापासून लांब, लाइनच्या अगदी शेवटच्या खांबावर ज्यांची विहीर आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. रोहित्रापाशी दाब पूर्ण असतो, पण सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की शेवटच्या मोटरीला तो मिळत नाही, आणि ती घुमत राहते किंवा जळते. गाडीतही तेच घडते, फक्त २३० व्होल्टमधले १० गेले तर खपून जातात आणि १२ मधला १ गेला तर फ्रिज बंद पडतो.

आकडेमोड सोपी आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. माझ्या फ्रिजची मूळ केबल अडीच मीटर होती आणि तिला मी तीन मीटरची जोडवायर लावली होती; दोन्ही ०.७५ चौरस मिलिमीटरच्या. वीज जाते आणि परत येते, म्हणून साडेपाच मीटर अंतराला ११ मीटर तार धरावी लागते. तिचा रोध साधारण ०.२५ ओहम होतो आणि कॉम्प्रेसर साडेचार अँपिअर ओढत असताना त्यात १.१ व्होल्ट हरवतात. दोन ठिकाणच्या सिगारेट लायटर प्लगांमध्ये आणखी ०.३ व्होल्ट गेले. बॅटरीवर भार असताना १२.४ व्होल्ट होते, त्यातून १.४ वजा जाता फ्रिजपाशी ११ उरले, आणि ११.१ च्या मर्यादेखाली गेल्यामुळे फ्रिजने नियमाप्रमाणे स्वतःला बंद केले. दिवसा इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा आल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देत असतो; त्यातून १.४ गेले तरी १२.६ उरतात, म्हणून प्रवासात सगळे सुरळीत दिसते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे कॉम्प्रेसर थांबल्याबरोबर वायरीतून वाहणारी वीज जवळजवळ शून्यावर येते आणि हरवलेले व्होल्टेज परत दिसू लागते. म्हणजे फ्रिज बंद असताना कोणी मीटर लावला तर त्याला सॉकेटमध्ये १२.५ व्होल्टच दिसतात आणि तो छातीठोकपणे सांगतो, की वायरिंग ठीक आहे, फ्रिजच खराब आहे. मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने हेच सांगितले होते आणि त्याची मोजणी चुकीची नव्हती, फक्त मोजण्याची वेळ चुकीची होती.

मोजणी केव्हा आणि कुठे करावी

म्हणून पहिला नियम असा, की मोजणी कॉम्प्रेसर चालू असतानाच करावी. फ्रिजचे तापमान मुद्दाम खाली आणून ठेवावे, म्हणजे कॉम्प्रेसर थांबणार नाही. इंजिन बंद ठेवावे, आणि पंधरा मिनिटे तसेच चालू द्यावे. मग बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे आणि त्यानंतर लगेच फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे केबल फ्रिजमध्ये शिरते तिथे मोजावे. त्या टोकाला मीटरच्या सळ्या पोहोचत नसतील तर मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो फ्रिजच्या बाजूला जोडावा. तो व्होल्टेज, अँपिअर आणि एकूण वॉट-तास तिन्ही दाखवतो आणि पुढे बॅटरी निवडतानाही उपयोगी पडतो. सळ्या लावताना दोन टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत, कारण बारा व्होल्टचा झटका बसत नसला तरी बॅटरीचा शॉर्ट एखादी वायर क्षणात वितळवतो.

दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर दोष वायरिंगमध्ये आहे, बॅटरी कितीही मोठी घेतली तरी तो जाणार नाही. फरक पाव व्होल्टच्या आत असेल आणि बॅटरीवरच भार असताना १२ च्या खाली आकडा असेल, तर बॅटरी खरोखर उतरते आहे किंवा जुनी झाली आहे.

मीटर जवळ नसेल तर हात पुरतो. फ्रिज पंधरा-वीस मिनिटे सलग चालल्यावर लायटरचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढून त्याच्या टोकाजवळ बोट लावावे. तो कोमट असेल तर चालेल. हात लावता येणार नाही इतका गरम असेल तर तिथला स्पर्श खराब आहे. ०.१ ओहमचा रोध एवढासा वाटतो, पण ५ अँपिअर वीज त्यातून जाताना अर्धा व्होल्ट हरवतो आणि तिथल्या तिथे अडीच वॉट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. माझ्या प्लगच्या टोकाचे पितळ काळे पडले होते, आतली स्प्रिंग मऊ झाली होती आणि भोवतीची प्लॅस्टिकची कडी एका बाजूने वितळून तिरकी झाली होती. सिगारेट लायटरचे सॉकेट हे मुळात काही सेकंद तापणाऱ्या लायटरसाठी बनवलेले आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर रात्रंदिवस पाच अँपिअर नेण्यासाठी ते नाही. घाटात एकदा गाडी उसळली की प्लग दोन मिलिमीटर मागे सरकतो आणि दिवा लुकलुकत राहिला तरी स्पर्श अर्धवट होतो.

वायरिंग तोडण्याआधी आणखी एक चाचणी करता येते. वेगळी बॅटरी असेल तर फ्रिजची पातळी एका रात्रीपुरती ‘लो’वर ठेवावी. फ्रिज रात्रभर चालला आणि सकाळी बॅटरी १२.३ व्होल्टच्या वर निघाली, तर रात्री बंद पडण्याचे कारण बॅटरी नव्हते याबद्दल शंका उरत नाही. गाडीच्या मूळ बॅटरीवर मात्र ही चाचणी करू नये. तिथे पातळी ‘हाय’वरच असावी, नाहीतर सकाळी गाडीला धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.

दुरुस्ती

उपाय एकच आहे आणि तो स्वस्त आहे : बॅटरीपासून फ्रिजपर्यंत स्वतंत्र, जाड, शुद्ध तांब्याची वायर. दुकानात ‘सहा स्क्वेअर’ची बहुतारी वायर म्हणून मागितली की मिळते. पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत चार मीटर अंतर धरले, म्हणजे आठ मीटर तार, तरी सहा स्क्वेअरचा रोध ०.०२३ ओहमच होतो आणि पाच अँपिअरला ०.१२ व्होल्टपेक्षा जास्त हरवत नाही. धन आणि ऋण दोन्ही वायरी जाड घ्याव्यात. ऋण बाजू गाडीच्या बॉडीवर जिथे जागा मिळेल तिथे कसणे ही नेहमीची चूक आहे, कारण रंगाखालचा गंज दिसत नाही. कमी किमतीत मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊ नये. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. कापलेल्या टोकाला ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरी चमक दिसली तर ती परत करावी.

धन वायरीवर १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभराच्या आत असलाच पाहिजे. याबाबत मी कोणतीही तडजोड मानत नाही. फ्यूज फ्रिजला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो, आणि तो जर फ्रिजपाशी लावला तर वायर मध्येच कुठे दरवाजाच्या पत्र्यावर घासून उघडी पडल्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही. टोकांना लग, म्हणजे धातूच्या कड्या, क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) घ्यावेत. पीळ देऊन वरून टेप गुंडाळलेला जोड गाडीच्या थरथरीने वर्षभरात ढिला होतो. डिकीत लायटरच्या सॉकेटऐवजी ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा दोन वायरींचा जोड) बसवावा आणि फ्रिजची मूळ केबल एक मीटरवर कापून त्यालाही तोच लावावा. केबल कापल्यावर फ्रिजच्या वॉरंटीवर परिणाम होणार असेल तर दुसरी केबल तयार करून मूळ केबल तशीच जपून ठेवावी. गाडीची वॉरंटी चालू असेल तर मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) कुठेही छेद न देता थेट बॅटरीच्या टोकावरूनच वायर घ्यावी.

माझ्या गाडीत हे काम एका दुपारी झाले. त्यानंतर कॉम्प्रेसर चालू असतानाचा फरक १.४ वरून ०.२ व्होल्टवर आला. त्याच फ्रिजने, त्याच बॅटरीवर, पुढच्या मे महिन्यात देवबागलाच सलग रात्र काढली. सकाळी सहाला आत ४ अंश होते.

बॅटरी खरोखरच कमी पडत असेल तर

वायरिंग निर्दोष असूनही फ्रिज बंद पडत असेल तर हिशेब बॅटरीचा आहे. तो वॉटवर नव्हे, अँपिअर-तासांवर करावा. ४० लिटरचा चांगला कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर ओढतो, पण तो सतत चालत नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री तो तासातली पंधरा-वीस मिनिटे चालतो. कोकणात मे महिन्यात, जिथे रात्रीचे तापमानही २६-२७ अंशांखाली उतरत नाही आणि बंद गाडीत ते त्याहून जास्त असते, तिथे तो निम्म्याहून अधिक वेळ चालतो. म्हणजे तासाला दोन-सव्वादोन अँपिअर-तास आणि दहा तासांच्या रात्रीला वीस-बावीस. ६५ अँपिअर-तासांच्या स्टार्टर बॅटरीतून पंधराहून अधिक घेऊ नयेत, कारण तिच्या पातळ पट्ट्या क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात आणि वारंवार खोल उतरवल्यास ती एका मोसमात संपते. तेव्हा गाडीच्या मूळ बॅटरीवर कोकणातली एक उन्हाळी रात्रसुद्धा नीट बसत नाही, हे मान्य करावे.

शिशाची डीप सायकल (वारंवार खोल उतरवण्यासाठी बनवलेली) किंवा एजीएम (सीलबंद) बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यातून ५० घ्यावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या तेवढ्याच बॅटरीतून ८० ते ९० घेता येतात, तिचे वजन निम्म्याहून कमी असते आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास राहते, त्यामुळे वायरिंग थोडे कमजोर असले तरी फ्रिज तक्रार करत नाही. मात्र ती बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नये, आणि स्पिती किंवा लडाखला थंडीत जाणार असाल तर शून्य अंशांखाली ती चार्ज करू नये.

ती भरते कशी, हेही तपासावे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे प्रदूषणविषयक नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीचा संगणक कमी-जास्त करतो. मोकळ्या रस्त्यावर ते मुद्दाम खाली आणले जाते. अशा गाडीत साधी व्होल्टेजवर चालणारी रिले बहुतांश वेळ बंदच राहते आणि आठ तास गाडी चालवूनही दुसरी बॅटरी अर्धीच भरते. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, जो आल्टरनेटरचे कमी-जास्त व्होल्टेज बॅटरी भरण्याइतके करून देतो. २० अँपिअरचा चार्जर दोन तासांत ४० अँपिअर-तास भरून देतो, म्हणजे कोकणातल्या पूर्ण रात्रीचा खर्च आणि वर थोडी शिल्लक. एकाच ठिकाणी दोन-तीन दिवस राहणाऱ्यांना १०० वॉटचे घडीचे सौर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ४०० वॉट-तास देते. गाडी सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात हवे, म्हणून वायर लांब लागते. ती पॅनेल आणि कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारे यंत्र) यांच्या मध्ये लांब असावी आणि कंट्रोलर बॅटरीजवळ असावा. पावसाळ्यात पॅनेलवर विसंबू नये.

पॉवर स्टेशन वापरणाऱ्यांची वेगळी अडचण

हल्ली अनेक जण दुसरी बॅटरी बसवण्याऐवजी तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात असलेले यंत्र, घेतात. त्यातही फ्रिज रात्री बंद पडतो, पण कारणे दोन वेगळी आहेत. पहिले म्हणजे फ्रिजसोबत आलेला २३० व्होल्टचा अडॅप्टर पॉवर स्टेशनच्या घरगुती सॉकेटला लावणे. तिथे बॅटरीची वीज आधी इन्व्हर्टरमध्ये २३० होते, मग अडॅप्टरमध्ये परत १२ होते, आणि फ्रिज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतःसाठी १० ते २० वॉट खात राहतो. १५ वॉट धरले तरी वीस तासांत ३०० वॉट-तास गेले. ५०० वॉट-तासांच्या यंत्रातला निम्म्याहून जास्त साठा फ्रिजला न मिळताच संपला. फ्रिज नेहमी १२ व्होल्टच्या आउटपुटलाच लावावा.

दुसरे कारण सापडायला मला एक पूर्ण रात्र जागावे लागले, कारण मित्राच्या यंत्रात ८० टक्के साठा असताना फ्रिज बंद झाला होता. वीज वाचवण्यासाठी काही यंत्रे भार फार कमी झाला की आपोआप आउटपुट बंद करतात. फ्रिज ठरलेल्या तापमानाला पोहोचून कॉम्प्रेसर थांबला की भार एक-दोन वॉटवर येतो. यंत्राला वाटते काहीच जोडलेले नाही, आणि ते बंद होते. पुढच्या फेरीला फ्रिजला वीजच मिळत नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये ही इको किंवा ऑटो-ऑफ सोय १२ व्होल्टच्या आउटपुटसाठी बंद करता येते का हे खरेदीपूर्वीच पाहावे.

नवीन फ्रिज घेताना

पेल्टियर पद्धतीचे (कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेने थंड करणारे) ‘कूलर-वॉर्मर’ डबे स्वस्त आणि हलके असतात, पण ते बाहेरच्या तापमानापेक्षा जेमतेम १८-२० अंश खाली जातात आणि त्यांतले बहुतेक न थांबता वीज ओढतात. ४८ वॉटचा डबा २४ तासांत १,१५२ वॉट-तास, म्हणजे ९६ अँपिअर-तास खातो, आणि गाडीत ४० अंश असतील तर आत २० अंश देतो. औषधासाठी तो घेऊ नये. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. गॅसवर चालणारे ॲबसॉर्प्शन फ्रिज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर थंड करणारे) बंद गाडीत ज्योतीमुळे वापरता येत नाहीत, १२ व्होल्टवर ते कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट वीज घेतात आणि त्यांना सपाट जमीन लागते. तेव्हा निवड कॉम्प्रेसर फ्रिजमधूनच करायची आहे.

त्यातही खोक्यावरच्या वॉटवर निर्णय घेऊ नये. ‘४५ वॉट’ हा आकडा कॉम्प्रेसर चालू असतानाचा आहे. तो दिवसातून किती वेळ चालेल हे इन्सुलेशनच्या जाडीवर ठरते. म्हणून विक्रेत्याला विचारावे, की २४ तासांचा खर्च किती आणि तो बाहेर किती अंश असताना मोजला आहे. २५ अंशांना मोजलेला आकडा आपल्या उन्हाळ्यासाठी सहज दीडपट धरावा. एकसारख्या लिटरच्या दोन फ्रिजमध्ये ज्याचे बाहेरचे माप मोठे, त्याच्या भिंती बहुधा जाड असतात. तीन पातळ्यांची नेमकी व्होल्टेजे पुस्तिकेत छापली आहेत का, इको मोड आहे का, आणि सोबतची केबल किती जाड आहे, हेही पाहावे. इको मोडमध्ये कॉम्प्रेसर कमी वेगाने चालतो, कमी अँपिअर ओढतो आणि वायरीत कमी व्होल्टेज हरवते, म्हणून रात्री तो आवर्जून लावावा. दोघांना आठवडाअखेरीसाठी २० ते २५ लिटर पुरतात, चौघांच्या कुटुंबाला ३५ ते ४५. ‘पुढे लागेल’ म्हणून ६० लिटरचा घेऊ नये, कारण मोठा फ्रिज थंड ठेवायला रोज वीज लागते आणि डिकीत त्याच्याभोवती हवा खेळायला जागा उरत नाही.

ही हवेची जागा फार महत्त्वाची आहे. फ्रिजची गरम हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीच्या बाजूला किमान वीतभर मोकळे अंतर हवे. सतरंज्या आणि बॅगा जाळीला टेकवून ठेवल्या की गरम हवा तिथेच फिरते आणि कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर थंड करून घ्यावा आणि वस्तूही थंड करूनच भराव्यात. ३० अंशांचे १ लिटर पाणी ५ अंशांवर आणायला सुमारे २९ वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. कॉम्प्रेसर स्वतः खातो त्याहून जास्त उष्णता बाहेर काढतो, तरीही दहा लिटर गरम बाटल्या भरल्या तर त्यातच बॅटरीतले १३ ते १५ अँपिअर-तास जातात, म्हणजे स्टार्टर बॅटरीची रात्रीची सगळी मर्यादा. इन्सुलिन असेल तर ते छोट्या डब्यात, कापडात गुंडाळून, भिंतीपासून आणि तळापासून दूर ठेवावे. पडद्यावर ४ अंश दिसत असताना भिंतीलगत शून्याखाली जाऊ शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. एक वेगळा छोटा थर्मामीटर त्याच डब्यात ठेवणे उत्तम.

व्होल्टेज ठीक, तरीही फ्रिज चालत नाही

डॅनफॉसच्या, म्हणजे आता सेकॉप नावाने मिळणाऱ्या, बीडी ३५ कॉम्प्रेसरच्या नियंत्रकाला दिवा जोडलेला असेल तर तो दोष लुकलुकून सांगतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंख्याचा प्रवाह जास्त, तीनदा तर मोटर सुरू होत नाही, चारदा तर मोटर भाराखाली किमान वेगही धरू शकत नाही, आणि पाच वेळा तर इलेक्ट्रॉनिक्स तापले आहे. दोन आणि पाचमध्ये आधी पंखा फिरतो का आणि जाळी धुळीने भरली आहे का ते पाहावे. तीन असेल तर फ्रिज बंद करून अर्धा तास थांबावे, म्हणजे आतला दाब समान होतो, आणि मग पुन्हा लावावा. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात. पुस्तिकेतले ते पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावे.

यातले काहीच लागू पडत नसेल, तर फ्रिज रिकामा करून घरी २३० व्होल्टवर लावावा. तासाभरात आतले तापमान घसरून ५ अंशांच्या आसपास यायला हवे. कॉम्प्रेसर न थांबता चालतो आहे, वॉटमीटरवर नेहमीपेक्षा कमी वॉट दिसत आहेत आणि आतल्या भिंतीचा एखादाच पट्टा गार लागतो आहे, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर गॅस कमी झाला आहे, आणि तो फ्रिज वायरींशी झगडत न बसता थेट रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिककडे न्यावा.